धावून जाणारे (भाग ६) : व्हिक्टोरिया गोदीतले दोन तास

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आंबेडकर जयंती आठवते. अग्निशमन दलाच्या लोकांना त्याच तारखेला आणखी एक स्मरण असतं. भायखळ्याच्या मुख्यालयात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. तो का पाळतात, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. त्यामागे आहे १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट. त्याची गोष्ट निघाली की आधी आभाळातून पडलेल्या सोन्याच्या विटा निघतात. स्फोट झालेल्या जहाजावर सोनं होतं हे खरंच. पण मला आज त्या जहाजावर चढलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत आलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा. त्यात कराचीला हजारो कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. एरवी असा माल गोदीबाहेरच पडावांत उतरवून घेत, पण युद्धाच्या घाईत जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत लागलं. स्फोटकांची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही त्याच्यावर नव्हता.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. घट्ट दाबलेली कापसाची गाठ आतल्या आत धुमसत राहते. वरून ओतलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय कापूस तरंगतो. खणात पाणी चढू लागलं तसा जळता कापूस वर उचलला गेला, आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं होती. सुमारे ९०० टन पाणी ओतूनही आग हटेना. जहाजाचा पत्रा इतका तापला की लगतचं पाणी उकळू लागलं.

जहाज जागीच बुडवायचं, ओढून समुद्रात न्यायचं, की पाणीच मारत राहायचं? कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कर आणि अग्निशमन दल, सगळे तिथे होते. शेवटचा शब्द मात्र कुणाचाच नव्हता. मला सर्वात जास्त हेच डाचतं. निर्णय लोंबकळत राहिला आणि तेवढा वेळ जवान नळ्या धरून उभे राहिले. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तो चारला दहा मिनिटं असताना.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग उडून गोदामावर जाऊन पडला. गोदीलगतच्या वस्त्या पेटल्या. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. त्यांच्या जाण्याची बातमीही सरकारी सेन्सॉरने तेव्हा दाबून ठेवली होती.

त्यांना नुसतं ‘शूर’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ते शूर होतेच. पण त्या खणात काय भरलंय, आगीच्या जागी हुकूम कुणाचा चालणार आणि मागे कधी फिरायचं, हे त्यांना वेळेत सांगणं इतरांचं काम होतं. आजही रासायनिक कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दारात बंब पोचतो, तेव्हा जवानांच्या जिवाला याच तीन गोष्टींचा आधार असतो.

पुढच्या आठवड्यात काळबादेवीला जाऊ. मे २०१५ मध्ये तिथल्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि त्यांचे तीन सहकारी अधिकारी आपण गमावले.