विलायती सामान आणि तंजावरचे हात

तंजावरला शिवगंगा तळ्याच्या काठी 1779 साली बांधलेले एक छोटे चर्च आहे. त्यात संगमरवरात कोरलेले एक उठावशिल्प आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ मरणशय्येवर पडले आहेत आणि त्यांचा हात हातात घेऊन शेजारी उभा आहे भोसले कुळातला एक तरुण राजा. हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी. शिल्प त्यांनीच सांगून करवून घेतले, तेही लंडनमधल्या जॉन फ्लॅक्समन या त्या काळच्या नामांकित शिल्पकाराकडून. शिल्पाच्या गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे, पण ते इथवर पोचले कसे याचा विचार क्वचितच होतो. इंग्लंडहून निघालेले जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावर येई. मद्रासला तेव्हा बंदर असे नव्हतेच. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल मसुला नावाच्या होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला लागे. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, खिळा एकही नसे, कारण लाटेच्या तडाख्यात वाकेल ते टिके आणि ताठ राहील ते फुटे. तिथून पुढे तंजावरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरचा बैलगाडीचा रस्ता. इंग्लंडातून तंजावरात एखादी वस्तू मागवणे म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा जुगार होता, आणि सरफोजी तो आयुष्यभर खेळले.

त्यांच्या अधिकृत चरित्रात फार वेळ घालवायला नको. जन्म 1777, तंजावरचे राजे तुळजाजी यांनी दत्तक घेतले, पुढे वारसाचा तंटा, श्वार्ट्झ यांचा आधार, 1798 मध्ये गादी आणि लगेच 1799 चा तह. त्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख होनांचा तनखा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी या माणसाला राज्य नव्हते, फौज नव्हती, पण रोख पैसा आणि वेळ दोन्ही भरपूर होते. अशा स्थितीत बहुतेक संस्थानिक ज्यात रमले त्यात हे रमले नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. घोड्यांची पारख आणि वाघाची शिकार हे शौक त्यांनाही होतेच. पण त्यांच्या ग्रंथालयात, म्हणजे आजच्या सरस्वती महालात, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतली साडेचार हजारांच्या आसपास युरोपीय पुस्तके जमली. त्यांतल्या कित्येकांवर राजाची सही आहे. पुस्तकांच्या जोडीला हवा उपसण्याचा पंप, विजेचे यंत्र आणि खगोलाची उपकरणे होती. 1826 च्या वसंतात बिशप हेबर येऊन गेले. लाव्हाझिए, लिनियस आणि ब्युफाँ यांच्याविषयी सराईतपणे बोलणारा राजा पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

या सगळ्या खरेदीकडे हौशी संग्रह म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. मला ती अपुरी वाटते, कारण हौशी माणसाला वस्तू जशीच्या तशी हवी असते आणि सरफोजींना बऱ्याच वेळा ती तशी नको होती. शरीररचना शिकायची तर सांगाडा हवा, पण माणसाची हाडे राजवाड्यात ठेवायची तर विटाळ आड येणार. त्यांनी हस्तिदंताचा सांगाडा मिळवला. धर्म मोडला नाही आणि अभ्यासही सोडला नाही. डोळ्यांच्या रोग्यांची नोंद ठेवताना तंजावरच्या चित्रकाराकडून रोगट डोळ्याचे रंगीत चित्र काढून घेण्याची पद्धत त्यांच्या दवाखान्यात पडली. नोंदवही विलायती शिस्तीची, कुंचला मात्र तंजावरचा.

याहून मोठे उदाहरण व्हायोलिनचे. ते युरोपीय बँडबरोबर आले आणि आज कर्नाटक संगीताची मैफल त्याच्यावाचून उभी राहत नाही. हे एकट्या तंजावरचे श्रेय नाही. मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितरांनी तेच वाद्य हाती घेतले होते. तरी या वाद्याच्या पहिल्या पिढीत सरफोजींच्या दरबारातले वराहप्पय्यर आणि तंजावर चतुष्टय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलू ही नावे आहेतच. वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे गेले. वाद्य तेच राहिले, बाकी सगळे बदलले. वादक मांडी घालून बसला, व्हायोलिनचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकले, बूड खांद्याशी-छातीशी आले आणि चार तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लागल्या. डावा हात आता वाद्य पेलण्याच्या कामातून मोकळा झाला आणि तारेवर वरखाली घसरत गमक काढू लागला. साठच्या दशकातली एखादी दणकट अमेरिकन मोटार आज कोणी हौसेने भारतात आणली, तर तिचे डावीकडचे स्टिअरिंग तसेच राहते. आपला मोटार वाहन कायदा इशारा देणारे यांत्रिक किंवा विजेचे साधन चालू स्थितीत असले पाहिजे या अटीवर तिला रस्त्यावर येऊ देतो, पण चालवणारा मात्र कायम रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बसलेला असतो. व्हायोलिनचे स्टिअरिंग तंजावरने बदलून टाकले.

सर्वांत हट्टी निघाले ते छपाईचे यंत्र, आणि मराठी वाचकाने जिथे रेंगाळावे अशी जागा हीच. 1805 मध्ये सरफोजींनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये त्यातून बालबोधमुक्तावली बाहेर पडली. ही इसापच्या गोष्टींची मराठी आवृत्ती म्हणजे अगदी आरंभीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी एक. त्याच 1805 साली तिकडे मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली, पण ती तांब्याच्या पत्र्यावर अख्खे पान उलटे कोरून. दोन्ही प्रयत्नांत एक मूलभूत फरक आहे. कोरीव पत्रा तांबटाला समजतो, ते त्याचेच काम आहे, पण पान बदलले की पत्रा निरुपयोगी. जुळणीच्या छपाईत अक्षरांचे खिळे सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून ती स्वस्त पडते. देवनागरीत मात्र त्या स्वस्ताईची किंमत जबर आहे. इंग्रजीत मोठी-लहान अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे धरली की खिळ्यांची पेटी भरते. इथे प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, वर जोडाक्षरे, आणि सगळ्यांवरून न तुटता धावली पाहिजे ती शिरोरेघ. मात्रा वेगळी ओतली तर ओळीची उंची बिघडते, अक्षरासकट ओतली तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. हे कोडे आकृती काढून सुटत नाही, तो खिळे पाडणाऱ्याच्या आणि जुळाऱ्याच्या बोटांचा प्रश्न आहे, आणि ती बोटे जहाजात घालून आणता येत नाहीत.

याचा धडा तंजावरच्या अगदी जवळ शंभर वर्षे आधीच गिरवला गेला होता. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतल्या मिशनसाठी इंग्लंडहून छापयंत्र निघाले, त्याच्याबरोबर योनास फिंक नावाचा छपाईवाला. जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांच्या तावडीत सापडले, त्यातून सुटले, आणि पुढे केपच्या वाटेवर फिंक वारला. 1712 मध्ये यंत्र पोचले, चालवणारा नाही. शेवटी वसाहतीच्या शिपायांतच छपाई जाणणारा एक जण सापडला म्हणून काम सुरू झाले. पुढे हाले शहरातून तमिळ खिळे आले, तर ते इतके मोठे की कागद पुरेना. मग इंग्लंडातून आलेल्या चीजच्या डब्यांची शिशाची झाकणे वितळवून तिथेच लहान खिळे ओतले. तमिळ छपाई टिकली ती या वितळवण्यामुळे, आलेल्या यंत्रामुळे नव्हे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की हा सारा पैसा कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीचा होता. कुळांनी घाम गाळायचा आणि राजाने विजेच्या ठिणग्या पाहायच्या, यात कौतुक कसले? हे खरेच आहे. पण महसुलाचे चार हिस्से कंपनी नेत होती, आणि तिच्या हिशेबात तंजावरच्या डोळ्यांच्या रोग्यासाठी पान नव्हते. पाचव्या हिश्श्यातले काही परत त्याच गावात खर्चले गेले, एवढे तरी मान्य करावे लागते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तलवार गमावलेल्या राजाने जेत्यांची खेळणी गोळा केली, एवढेच हे आहे, असे म्हणणारे म्हणतील. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयासाठी समुद्रकाठी मनोरा उभारणाऱ्या राजाबद्दल असे म्हणायला आधारही आहे. पण याच राजाने 1803 मध्ये भोसल्यांचा वंशेतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरवला. ज्याला नुसती नक्कल करायची असते तो आपल्या कुळाची हकीकत चोळांच्या देवळावर, आपल्या लिपीत, एवढ्या लांबीची लिहीत नाही. आश्रितपणा आणि जिज्ञासा एका माणसात सुखाने नांदू शकतात. एकावरून दुसरी खोटी ठरवणे घाईचे होईल.

तरीही छापखान्याचे काय झाले हे पाहिले की कौतुक थबकते. तिथून निघालेली पुस्तके मोजकीच. कारण यंत्रात नव्हते, वाचकांत होते. तंजावरच्या दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात. गावातले लोक तमिळ वाचत. त्या मुलखातले पंडित संस्कृत वाचत तेही बरेचसे ग्रंथ किंवा तेलुगू लिपीत. देवनागरीत छापलेले पुस्तक सहज उचलून वाचील असा माणूस वाड्याच्या भिंतीपलीकडे विरळाच. मुंबईचा मासला याच्या उलट. तिथे 1816 मध्ये अमेरिकन मिशनचा छापखाना आला, तोही परदेशीच. पण त्यातली विद्या कामगारांबरोबर बाहेर पडली. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले, आणि मिशनच्या टाइप फौंड्रीत टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला. पंचांगाला घरोघर गिऱ्हाईक होते. तंजावरात खिळे होते, राजाची इच्छा होती, पण घरी जाऊन स्वतःचा छापखाना टाकील असा जुळारी निपजला नाही, कारण त्याला पोसणारा वाचक नव्हता. व्हायोलिनला असा प्रश्न पडलाच नाही. त्याचे श्रोते आधीच देवळांत आणि वाड्यांत बसलेले होते.

पुढची अडचण राजकीय होती. सरफोजी 1832 मध्ये वारले, त्यांचे पुत्र शिवाजी 1855 मध्ये निपुत्रिक गेले, आणि कंपनीने गादीबरोबर वाड्यातली मालमत्ताही ताब्यात घेतली. विधवा राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये फेटाळला गेला. हे राज्याचे कृत्य, त्यात न्यायालय हात घालणार नाही, असा निवाडा झाला. ग्रंथालय मात्र वाचले. इंग्रज अधिकारी बर्नेल यांची तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची 1880 मध्ये निघाली आणि 1918 पासून सरस्वती महाल लोकांना खुला झाला.

आज तिथली खरी अडचण आहे ती मोडी. सरस्वती महालात तंजावरच्या मराठी राज्याच्या दप्तराचे 1,342 रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत. काय आले, कोणाला काय दिले, कोणत्या कारखान्यावर किती खर्च पडला, असल्या नोंदी मोडीत आहेत आणि भाषा मराठीच, फक्त तमिळ-तेलुगू शब्दांनी मुरलेली. त्यांतल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तीन खंडांत छापला आहे. ज्यांची ती भाषा नाही त्यांनी आधी लिपी शिकून ते काम केले, आणि मराठी अभ्यासकाला आपल्याच पूर्वजांची रोजकीर्द तमिळमधून वाचावी लागते. दक्षिणी मराठी बोलणारी घरे तंजावरात अजून आहेत, पण तिथली मुले तमिळ शाळेत जातात आणि मोडी तर पुण्यातल्या मुलांनाही येत नाही. फ्लॅक्समनचे नाव जगाला ठाऊक आहे. रोगट डोळे रंगवणारा चित्रकार आणि देवनागरीचे खिळे एकामागून एक जुळवणारा तो पहिला जुळारी यांची नावे आणि महिन्याचे वेतन कुठे लिहिलेले असलेच, तर ते त्या रुमालांतल्या एखाद्या खर्चाच्या यादीत.