पाटीमागचं शिक्षण विचारा!

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, रंग जाणार नाही ना, हेही विचारतो. मन मोकळं करायला जाताना मात्र 'समुपदेशक', 'संमोहनतज्ज्ञ' अशी पाटी दिसली की सरळ आत शिरतो. शिक्षण कसं विचारायचं, असा संकोच वाटतो ना?

मैत्रिणींनो, विचारायचंच! चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ठराविक वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं आणि त्यासाठी कार्यशाळा, प्रशिक्षणं यांचे गुण जमवावे लागतात. म्हणजे पदवी मिळाली तरी शिकणं संपत नाही.

संमोहनाचं तसं नाही. त्यासाठी वेगळी सरकारी नोंदणीच नाही. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्रही भिंतीवर झळकू शकतं. आणि धोका इथेच आहे. संमोहनात 'आठवलेलं' सगळं खरंच घडलेलं असतं असं नाही. अर्धवट शिकलेल्याने सुचवत सुचवत प्रश्न विचारले, तर न घडलेलंही खरं वाटू लागतं. त्यापायी जिवाभावाची नाती तुटू शकतात.

म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय? अलीकडे कोणतं प्रशिक्षण घेतलं? अवघड प्रसंगी कोणत्या ज्येष्ठांचा सल्ला घेता? चांगल्या तज्ज्ञाला याचा राग येत नाही. जो चिडेल, त्याच्यापुढे मन कशाला उघडायचं?

जवळपास कुणीच नसेल, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहेच.