तीनशेव्या क्रमांकाचा जमाखर्च

कडा, धानोरा, आष्टी या पट्ट्यातील पेठेत वर्षाचा हिशोब दिवाळीला मिटतो. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली जाते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि मागील वर्षी कोठे चुकले याची उजळणी होते. भांडवल किती अडकले, मालाची तूट किती आली, उधारी किती बुडाली, हे प्रश्न या घरांतील मुलांच्या कानी लहानपणापासून पडत असतात. अशा घरात कोणी येऊन सांगितले, की एक व्यवसाय असा आहे ज्यात दर आठवड्याला स्वखर्चाने परमुलखी जायचे, भाडे आणि मुक्काम पदरचा, पहिल्याच दिवशी सौदा फिसकटला तर हाती जवळजवळ काही नाही आणि वर्षापूर्वी जे कमावले ते आपोआप खात्यातून वजा होते, तर वडीलधारी मंडळी त्याला पाणी विचारून वाटेला लावतील. महिला टेनिसमध्ये जागतिक क्रमवारीच्या दोनशे, तीनशे, पाचशे या क्रमांकांवर खेळणाऱ्या मुली नेमका हाच व्यवसाय करतात. त्यातील काही आपल्या अगदी शेजारच्या आहेत.

ऋतुजा भोसले ही श्रीरामपूरची. कड्याहून नगरला गेले की पुढे तेच गाव. वडील पोलीस खात्यात, प्रशिक्षण पुण्यात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. ३० सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ असा परत आला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा संपला. बोपण्णा त्या वेळी ४३ वर्षांचा, जगातील आघाडीचा दुहेरी खेळाडू. ऋतुजा मात्र पहिल्या शंभरातही नव्हती. तिचे पती स्वप्नील गुगळे हे महाराष्ट्राचे क्रिकेटपटू. गुगळे हे आडनाव नगर-कडा भागातील जैन वाचकांना नव्याने सांगायला नको. २०१६ मध्ये दिल्लीविरुद्धच्या रणजी सामन्यात नाबाद ३५१ धावा करून अंकित बावणेबरोबर ५९४ धावांची अभंग भागीदारी करणारे तेच हे स्वप्नील. एकाच घरात दोन खेळाडू. पण दोघांच्या खेळांचे अर्थशास्त्र अगदी भिन्न. रणजी क्रिकेटपटूला प्रवास, निवास आणि सामन्याचे मानधन मंडळाकडून मिळते. टेनिसपटूला तिकीट स्वतः काढावे लागते.

या खेळाची शिडी समजून घेतल्याशिवाय हा फरक उमगत नाही. वरच्या टोकाला विम्बल्डनसारख्या चार मोठ्या स्पर्धा आहेत. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही ६६ हजार पौंड, म्हणजे सुमारे पाऊण कोटी रुपये मिळाले. मात्र तेथे थेट प्रवेश पहिल्या शंभराच्या आसपास असणाऱ्यांनाच मिळतो. पात्रता फेरीच्या दारात उभे राहायचे तरी क्रमांक साधारण २२०-२४० च्या आत हवा. शिडीच्या तळाशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ‘डब्ल्यू १५’ स्पर्धा असतात. त्यातील १५ हा आकडा एकूण बक्षिसाचा, म्हणजे १५ हजार डॉलरचा. आणि ही रक्कम एकेरी-दुहेरीतील सर्व खेळाडूंत वाटली जाते. सलग पाच सामने जिंकून अजिंक्य ठरणाऱ्या मुलीच्या हाती दोन हजार डॉलरच्या थोडे वर पडतात. पहिल्या फेरीत हरली तर दोनशे डॉलरही नाहीत. मुख्य स्पर्धेत येण्यासाठी जी पात्रता फेरी खेळावी लागते, तिचे काहीच मिळत नाही. जे मिळते त्यातूनही त्या त्या देशाचा कर आधीच कापला जातो.

आता खर्चाची बाजू. विमानाचे तिकीट, व्हिसा, सात दिवसांचे हॉटेल, जेवण, रॅकेटचे गटिंग, फिजिओ. ट्युनिशियातील मोनास्तिर, तुर्कस्तानातील अंताल्या, इजिप्तमधील शर्म अल शेख येथे या छोट्या स्पर्धा आठवड्यामागून आठवडा एकाच ठिकाणी भरतात आणि अनेक भारतीय मुली तेथे तीन-चार आठवडे मुक्काम ठोकतात, कारण त्यामुळे निदान विमानभाडे वाचते. प्रशिक्षकाला सोबत न्यायचे तर सारा खर्च दुप्पट. म्हणून बहुतेक जणी एकट्याच जातात. सरावाला कोण मिळेल, परक्या शहरात रात्री विमानतळावरून हॉटेलपर्यंत कसे जायचे, ताप आला तर डॉक्टर कोठे शोधायचा, हे सगळे विशीतल्या मुलीने एकटीने सोडवायचे. शाकाहारी घरातील मुलीची तर आणखी एक लढाई ताटात असते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या वाचकांनी महिनाभर हॉटेलातील भात, पाव, फळे आणि सोबत नेलेला खाकरा यांवर रोज दोन-तीन तासांचा सामना खेळण्याची कल्पना करून पाहावी.

महासंघाने २०१३ च्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षकाचा खर्च न धरता, एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सुमारे ४० हजार डॉलर निघाला होता. त्या काळच्या दराने ते तेवीस-चोवीस लाख रुपये होतात. हा खर्च बक्षिसातून जेमतेम भरून निघण्यासाठी महिलांमध्ये क्रमांक २५३ पर्यंत असावा लागतो, असेही त्यात दिसले. पुढे २०१७ मध्ये महासंघानेच सांगितले, की व्यावसायिक स्पर्धांत उतरणाऱ्या १४ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांची बक्षिसाची कमाई शून्य आहे. एवढ्या तोट्यावर चालणारी बाजारपेठ व्यापाऱ्याने पाहिली नसेल. गंमत अशी, की जगातील तीनशेवा वकील किंवा तीनशेवा शल्यविशारद म्हटला तर त्याच्या दारात रांग लागेल!

पैशापेक्षाही अवघड आहे ते गुणांचे गणित. एका स्पर्धेत मिळालेले गुण केवळ ५२ आठवडे खात्यावर राहतात, नंतर गळून पडतात. ‘डब्ल्यू १५’ जिंकणारीला १५ गुण, ‘डब्ल्यू ३५’ जिंकणारीला ३५, आणि विम्बल्डन जिंकणारीला २०००. तळाच्या खेळाडूने गेल्या वर्षी याच आठवड्यात स्पर्धा जिंकली असेल, तर या वर्षी तेवढीच मजल मारावी तेव्हा कोठे ती होती तेथे राहते. नाशवंत मालाचा व्यापार करणाऱ्यालाच हे खरे कळेल. भुसाराचे पोते गोदामात टिकते. भाजी संध्याकाळपर्यंत खपलीच पाहिजे. म्हणून घोटा दुखावला, घरात दुःखद प्रसंग घडला, परीक्षा आली किंवा लग्न ठरले, तरी घड्याळ थांबत नाही. दीर्घ दुखापत आणि मातृत्व यांसाठी क्रमवारी राखून ठेवण्याची सोय नियमांत आहे. सानिया मिर्झा मुलाच्या जन्मानंतर परतली आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टची दुहेरी जिंकली. पण राखून ठेवलेल्या क्रमांकाने प्रवेश मिळतो, तिकीट मिळत नाही. सानियाची गोष्ट निराळी होती.

बार्शीची प्रार्थना ठोंबरे हिचे नाव या भागात अधिक घ्यायला हवे होते. बार्शी म्हणजे व्यापारी पेठ. कड्याच्या मंडळींचे तेथे नातेसंबंध आणि देणेघेणे. या गावातील मुलगी २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत सानियाच्या साथीने दुहेरीचे कांस्यपदक जिंकते, आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरते. तेथे पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई व पेंग शुआई यांच्याशी गाठ पडली. ६-७, ७-५, ५-७ असा तो सामना हातून निसटला. तिसऱ्या सेटमध्ये फरक दोन गेमचा. ऑलिंपिक संपले, सत्कार झाले, आणि प्रार्थना पुन्हा छोट्या स्पर्धांच्या वाटेला लागली. दुहेरीतच कारकीर्द घडवावी हा मार्ग तिच्यासारख्या अनेकींनी स्वीकारला. दुहेरीत बक्षीस एकेरीहून बरेच कमी असते आणि ते दोघींत वाटले जाते, परंतु शरीराची झीज कमी होते आणि परदेशात खोलीचे भाडे वाटून घ्यायला कोणीतरी असते.

पुण्यातील अंकिता रैना हिची वाट याहून लांब. जन्म अहमदाबादचा, कुटुंब मूळचे काश्मिरी. २००७ मध्ये ती पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकण्यासाठी आली. घरच्यांनी आपले बिऱ्हाड मुलीच्या खेळासाठी परक्या शहरात हलवणे, हा निर्णय कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. २०२० च्या मार्चमध्ये ती एकेरीत १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवल्यापासून तेरा वर्षे लागली. २०२१ मध्ये मेलबर्नला कामिला राखिमोवाच्या साथीने तिने महिला टेनिस संघटनेच्या मालिकेतील दुहेरीचे पहिले विजेतेपद मिळवले. तिला ओएनजीसीमध्ये नोकरी आहे. सरकारी कंपनीतील असा पगार मागे नसता तर ती तेरा वर्षे कशी निघाली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

टेनिस घरच्या पैशावर खेळले जाते, ही गोष्ट मात्र नवी नाही. १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव ही पंडिता क्षमाबाई राव यांची कन्या. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृतात रचणाऱ्या क्षमाबाई स्वतःही टेनिस खेळत. ते मुंबईतील संपन्न, सुविद्य घर होते. ऐंशी-नव्वद वर्षांनी श्रीरामपूर आणि बार्शीची नावे भारतीय टेनिसमध्ये आली, एवढा बदल निश्चित झाला.

या खेळाची एक बाजू जैन घरांना विशेष अस्वस्थ करील. सप्त व्यसनांत पहिले नाव द्यूताचे. छोट्या स्पर्धांतील, प्रेक्षक म्हणून चार माणसेही नसलेल्या सामन्यांवर जगभर ऑनलाइन सट्टा लागतो. शंभर-दोनशे डॉलरसाठी खेळणाऱ्या मुलीला एक सेट सोडण्यासाठी तिच्या वर्षाच्या कमाईएवढी लालूच दाखवता येते. २०१८ मध्ये लंडनच्या स्वतंत्र चौकशी समितीने या खालच्या स्तरावरच धोका सर्वाधिक असल्याचे नोंदवले. लालूच नाकारली तरी सुटका नाही. महिला टेनिस संघटना आणि महासंघाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना समाजमाध्यमांवर सुमारे आठ हजार शिवीगाळीचे वा धमक्यांचे संदेश आले आणि त्यातील ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांचे होते. सामना हरून खोलीवर आलेली एकवीस वर्षांची मुलगी मोबाइल उघडते, तेव्हा तिच्या आईवडिलांच्या नावानेही शिव्या लिहिलेल्या असतात.

मग पैसा येतो कोठून? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर वर्षानुवर्षे भरणाऱ्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे प्रायोजकत्व अंडी उत्पादकांच्या राष्ट्रीय समन्वय समितीने घेतले. अहिंसेच्या उपासकांनी या आकड्याकडे पाहून किंचित खजील व्हायला हरकत नाही. घराजवळ स्पर्धा भरण्याचे महत्त्व मोठे असते: विमानभाडे वाचते, आणि आयोजकांच्या खास प्रवेशपत्रिकेवर स्थानिक मुलींना मुख्य स्पर्धेत खेळता येते. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जी स्पर्धा झाली, तिची विजेती होती एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका. तीच पुढे जगात अव्वल झाली. आपल्या दारी असा कस लागणे ही मुलींसाठी शिकवणीच.

कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाने शिक्षणासाठी उभे केलेले काम सर्वांपुढे आहे. होतकरू मुलाला सीए, डॉक्टर व्हायला समाजातून मदत मिळते, कारण चार-पाच वर्षांत ते पैसे कामी आलेले दिसतात. खेळाडूला दहा-बारा वर्षे लागतात आणि शेवट दिसेलच असे नाही. मध्यम वाट एक आहे, आणि ऋतुजाने ती घेतली: अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता संघातून खेळणे. तेथील पहिल्या श्रेणीच्या महिला टेनिस संघाला अलीकडेपर्यंत आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती, पुरुषांच्या संघाला केवळ साडेचार. पदवी हाती येते, सामने खेळायला मिळतात, घरचे भांडवल शाबूत राहते. मात्र ती तीन-चार वर्षे व्यावसायिक क्रमवारीतून बाजूला जातात आणि परतल्यावर मोनास्तिरपासून पुन्हा प्रारंभ करावा लागतो.

तो पुनःप्रारंभ ऋतुजानेही केला. हांगझोऊपूर्वी खेळ सोडून द्यावा असे तिच्या मनात येऊन गेले होते आणि त्या वेळी घरातून, विशेषतः पतीकडून, आणखी काही काळ थांबण्याचे बळ मिळाले, हे पदकानंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मैदानावर दिवसदिवसभर फलंदाजी करणाऱ्या माणसाने पत्नीला ‘अजून थोडे खेळ’ म्हणावे, यात नवल नाही. महाराष्ट्र शासनाने त्या स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्यांना एक कोटी रुपये जाहीर केले. परंतु आशियाई क्रीडा स्पर्धेचे गुण जागतिक क्रमवारीत धरले जात नाहीत. शनिवारी सुवर्णपदक गळ्यात पडले. सोमवारी नवी क्रमवारी लागली, तेव्हा त्या सुवर्णाचा एकही गुण तिच्या नावापुढे नव्हता.