अध्यापकाची पारख आणि साहित्याची निवड : तीन देशांच्या धोरणांचा तौलनिक विचार

एखाद्या समाजाच्या वाङ्मयीन अभिरुचीचा विचार करताना तौलनिक साहित्याभ्यासक लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि समीक्षक यांच्याकडे वळतो. शालेय अध्यापक मात्र बहुधा या विवेचनाबाहेर राहतो. वस्तुतः असंख्य वाचकांची अभिजात साहित्याशी पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, गाठ वर्गातच पडते. म्हणून अध्यापकाची निवड, सिद्धता आणि नियंत्रण यांविषयीचे शासकीय धोरण हा साहित्यव्यवहाराचाही घटक ठरतो. फिनलंड, फ्रान्स आणि इंग्लंड येथील धोरणे शेजारी ठेवली असता असे दिसते की, अध्यापकाची पारख तिन्ही देशांत होते. परंतु तिच्यावरील मुख्य भर वेगवेगळ्या टप्प्यांवर असतो.

फिनलंडमध्ये हा भर सेवापूर्व सिद्धतेवर आहे. तेथील अध्यापक-शिक्षण १९७०च्या दशकात विद्यापीठांकडे आले आणि १९७९पासून प्राथमिक अध्यापकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. त्यानंतर, १९९०च्या दशकाच्या आरंभी, शाळातपासणी आणि पाठ्यपुस्तकांची शासकीय मान्यता या दोन्ही व्यवस्था संपुष्टात आल्या. वर्गात कोणती कादंबरी वाचावी, हे बहुतांशी अध्यापकच ठरवतो.

फ्रान्समध्ये पारख होते ती स्पर्धापरीक्षेत. माध्यमिक अध्यापकांसाठीच्या अशा परीक्षांपैकी ‘आग्रेगासियों’ ही १७६६पासूनची आहे. तिच्या आधुनिक साहित्य शाखेत तौलनिक साहित्यावर दीर्घ निबंध लिहावा लागतो. उत्तीर्ण अध्यापक शासकीय सेवक होतो आणि त्याचे अध्यापनस्वातंत्र्य २००५च्या कायद्याने मान्य केले आहे. तथापि, २०१९च्या सुधारणेनंतर बाकालोरेआच्या फ्रेंच परीक्षेसाठी नेमलेल्या कृतींच्या राष्ट्रीय यादीतूनच त्याला निवड करावी लागते. विद्वत्तेवर विश्वास आहे. निवडीला मात्र कुंपण आहे.

इंग्लंडमध्ये पारख कामाच्या फलितावरून होते. १९८८च्या कायद्याने राष्ट्रीय पाठ्यक्रम आला, तर १९९२च्या कायद्याने ‘ऑफस्टेड’ ही तपासणी यंत्रणा. संपूर्ण शाळेला मोजक्या शब्दांचा एकच शेरा देण्याची तिची पद्धत शासकीय शाळांपुरती सप्टेंबर २०२४मध्ये बंद झाली. साहित्याच्या शालान्त परीक्षेत शेक्सपिअरचे नाटक अनिवार्य असते. अन्य कृती परीक्षामंडळाच्या यादीतून निवडायच्या असतात.

भारतात शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०११पासून, पहिली ते आठवीच्या अध्यापकांसाठी पात्रता परीक्षा सुरू झाली. तिची तुलना माध्यमिक स्तरावरील ‘आग्रेगासियों’शी करणे उचित नव्हे, फिनलंडच्या प्राथमिक अध्यापकाशी करणे योग्य. केंद्रीय पात्रता परीक्षेच्या १५० बहुपर्यायी प्रश्नांपैकी ६० दोन भाषांचे असतात; त्यांत उताऱ्याचे आकलन आणि भाषाध्यापन तपासले जाते. एखादी संपूर्ण कृती वाचून स्वतःचा अभिप्राय मांडण्याची कसोटी तेथे नाही. पुढे वर्गात नेमलेले पाठ्यपुस्तक असतेच. म्हणजे अध्यापक हा साहित्याचा स्वतंत्र वाचक आहे काय, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारला जात नाही आणि नंतर त्याचे उत्तर देण्याची संधीही क्वचितच मिळते.

फिनलंडच्या अनुकरणाची भाषा करताना तेथील घटनाक्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे : सिद्धता आधी वाढली, नियंत्रण नंतर सैल झाले. केवळ नियंत्रण सैल केल्यास अध्यापक पुन्हा मार्गदर्शिकांकडे वळण्याचा संभव आहे. केवळ पदव्या वाढवून पाठ्यपुस्तक तेवढेच बंधनकारक ठेवल्यास ती सिद्धता वापरावाचून राहील. साहित्याच्या स्वीकारप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्याने, अमुक कृती शाळेत का पोहोचली नाही असे विचारताना, ती निवडण्याचा अधिकार आणि ती शिकवण्याची सिद्धता कोणाजवळ होती, हेही तपासले पाहिजे.