फोनिक्सने मुले पोपट होत नाहीत

'फोनिक्सने (अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून) शिकलेली मुले नुसती वाचतात, त्यांना अर्थ कळत नाही,' असे म्हणणारे हटकून ज्यू शाळांचा दाखला देतात. अमेरिकेतल्या ज्यू शाळांत लहान मुले हिब्रू प्रार्थना घडाघडा वाचतात, अर्थ विचारला की गप्प होतात. हे खरेच आहे. पण म्हणून फोनिक्स वाईट, हे कुठून आले? तेच तेच ऐकून आता चीड येते.

मूल काय करते ते नीट पाहा. हिब्रूत 22 अक्षरे, सगळी मुळात व्यंजने. स्वरांसाठी अक्षराला टिंबे-रेघा जोडतात, त्यांना निकुद म्हणतात. 'बेत' या अक्षराखाली 'कामात्स' ही खूण आली की बा, 'हिरिक' ही खूण आली की बि, आपल्या बाराखडीसारखेच. 'दालेत' आणि 'रेश' या अक्षरांत फरक फक्त उजव्या कोपऱ्याचा, एकाचा टोकदार, दुसऱ्याचा गोल. एवढे टिपून मूल नवा शब्द बिनचूक वाचते, तेव्हा फोनिक्सचे काम चोख झालेले असते. अर्थ लागत नाही, कारण घरात इंग्रजी बोलतात आणि हिब्रू शब्द त्याच्या कानावरच पडलेले नाहीत. आकलन म्हणजे अक्षरांवरून वाचता येणे गुणिले भाषेची समज, असे वाचनाचे संशोधक गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्येच मांडले. इथे शून्य आहे ते भाषेच्या बाजूला. तेच निकुद वाचणाऱ्या इस्रायली मुलाला अर्थ कळतो, कारण ती त्याची बोलण्यातली भाषा आहे. तेव्हा मुलांशी हिब्रूत बोला, गोष्टी सांगा. फोनिक्स काढून टाकलेत तर अर्थ येणार नाहीच, वाचनही जाईल. इस्रायलमध्येही एकेकाळी समग्र भाषा पद्धतीचा (अक्षर-ध्वनीऐवजी अख्खे शब्द आणि मजकूर यांवरून वाचायला शिकवण्याचा) जोर वाढला होता. 2001 मध्ये शपिरा समितीने पुन्हा अक्षर-ध्वनी पद्धतशीर शिकवायला सांगितले.

मूल वाचत नसून पाठ म्हणत असेल, ही शंका मात्र रास्त आहे. अनोळखी शब्द पुढे ठेवा, लगेच कळेल.

दुसरा आक्षेप: 'उजवीकडून हिब्रू, डावीकडून इंग्रजी, मुले गोंधळतात.' दिशा मुलांना लवकर सवयीची होते. जड जाते ते इंग्रजी स्पेलिंग. सेमूर आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासात स्कॉटलंडमधल्या, इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या पहिल्या वर्गाच्या मुलांना ओळखीचे शब्दही जेमतेम 34 टक्के बरोबर वाचता आले.

तिसरा आक्षेप: 'निकुद ही कुबडी आहे, लवकर सोडवा.' घाई कशाला? इस्रायली मुले प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे निकुदवरच वाचतात. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळीत निकुद नसते, आणि तिचे वाचन करणारी मोठी माणसेही आधी 'तिक्कुन' नावाच्या पुस्तकातून सराव करतात. त्यात एका रकान्यात निकुदसह मजकूर असतो, शेजारी तोच निकुदाविना.