फळांतली साखर आणि बाटलींतली साखर

साखर म्हणजे एकच पदार्थ होय, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः आपण चहांत घालतों ती साखर ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन लहान साखरांच्या संयोगानें बनलेली आहे. यांपैकीं फ्रुक्टोज ही द्युब्रुन्फो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८४७ सालीं ओळखून काढिली. फळांत ती असतेच. मधांत तर तिचें प्रमाण सुमारें ४० टक्के असतें. दोन्हीं साखरांत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ परमाणु. भेद केवळ रचनेचा. परंतु शरीरांत शिरल्यावर या दोघी बहिणींच्या वाटा निराळ्या होतात.

ग्लुकोज रक्तांत आली कीं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतें, व मेंदू, स्नायु इत्यादि सर्व अवयव तिचा उपयोग करितात. पेशींस पुरेशी शक्ति मिळाली म्हणजे ग्लुकोजच्या वाटेवरील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें द्रव्य, आपलें काम मंद करितें. फ्रुक्टोजचें तसें नाहीं. ती थोडी असल्यास लहान आंतड्यांतच तिचें रूपांतर होतें. अधिक असल्यास ती थेट यकृताकडे जाते, आणि तेथील विकर ‘आतां पुरे’ असें कधीं म्हणत नाहीं. नाक्यावर शिपाई नसावा आणि गाड्यांमागून गाड्या गांवांत शिराव्यात, तसाच हा प्रकार होय.

मग यकृत या साखरेची चरबी बनवूं लागतें. कांहीं चरबी रक्तांत उतरते, कांहीं यकृतांतच सांचते. आणि असें यकृत इन्सुलिनला नीटसें जुमानीत नाहीं. मधुमेहाची वाट येथूनच फुटते. शिवाय या क्रियेंत पेशींतील शक्तीचा सांठा झपाट्यानें खर्च होऊन युरिक आम्ल वाढतें, व तें सांध्यांस पीडा देऊं शकतें.

डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं स्थूल स्त्रीपुरुषांस १० आठवडे रोजच्या उष्मांकांपैकीं २५ टक्के गोड पेयांतून दिले. एका गटास ग्लुकोज, दुसऱ्यास फ्रुक्टोज. वजन दोहोंचें सारखेंच वाढलें. परंतु पोटांतील अवयवांभोंवतींची चरबी फ्रुक्टोजच्या गटांत विशेष वाढली.

मग फळें सोडावींत काय? मुळींच नाहीं. मध्यम आकाराच्या सफरचंदांत फ्रुक्टोज सुमारें १० ग्रॅमच असते. तीही चोथ्यांत गुंतलेली, चावून हळूहळू पोटांत जाणारी. तीनचार सफरचंदें एका बैठकींत कोण खातो? परंतु त्यांचा गाळलेला रस दोन घोटांत संपतो! कोला जातीच्या ३३० मिलिलिटर पेयांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते, व तींत जवळजवळ निम्मी फ्रुक्टोज. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेली साखर, तसेंच मध व फळांचा रस यांतील साखर, ही सर्व मिळून रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगलें. साधारण प्रौढ माणसास हे ५ टक्के म्हणजे सुमारें २५ ग्रॅम. एक बाटली ही मर्यादा ओलांडते. गूळ किंवा मध ‘नैसर्गिक’ म्हणून या हिशेबांतून सुटत नाहीं.

मधल्या सुटींत आमचे कित्येक विद्यार्थी पाण्याऐवजीं बाटलीच तोंडाला लावितात, हें आम्ही नित्य पाहतों. मद्यास कधीं न शिवलेल्या मुलांच्या यकृतांतही आज चरबी आढळते, आणि आरंभीं कांहींच दुखत नसल्यानें कोणास तिचा पत्ता लागत नाहीं. सुदैवानें आहार वेळींच सुधारला तर ती चरबी बहुधा ओसरते. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, तहान लागली तर पाणी प्या, गोड हवें तर पेरू चावून खा, आणि बाटली सणासुदीसाठीं राखून ठेवा.