शेतकऱ्याची कातडी व तिची निगा

जूं ओढून बैलाचा खांदा सुजला, कीं आपण त्यास चार दिवस औतास जुंपीत नाहीं, हळद-तेल लावतों, माशा वारतों. त्याच औतामागें चालणाऱ्याच्या टाचेंतून रक्त आलें, तर तो फडकें गुंडाळून पुन्हां तासास लागतो. कातडीची निगा हा शहरांतील हौशी लोकांचा विषय, असा आपला समज. तो चुकीचा आहे, असें आम्हांस वाटतें. कारण ऊन, चिखल, खत व औषध ह्यांच्याशीं रोज गांठ पडते ती आपलीच.

प्रथम पायांकडे पाहूं. तळवे व तळहात सोडून बाकीच्या अंगाच्या कातडींत तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळव्यांस त्या मुळींच नाहींत. त्यामुळें कोरड्या हवेंत अनवाणी चालणाऱ्याची टाच आधीं राठ होते, मग अंगाच्या भारानें फाटते. काळी जमीन वैशाखांत फाटते तशी. उपाय खर्चाचा नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट पाण्यांत 15-20 मिनिटें पाय ठेवावे, वजरीनें मेलेली कातडी हलक्या हातानें घासावी, पाणी टिपून घ्यावें व ओल पुरती वाळण्याच्या आंतच तेल चोळावें. हा क्रम चुकवूं नये. तेल ओलावा उत्पन्न करीत नाहीं, असलेला कोंडून धरतें. कोंकणांत ह्या कामीं कोकमाच्या बियांचें तेल वापरतात. तें घट्ट असल्यामुळें भेगेंत भरलें कीं तेथेंच राहतें. तें न मिळाल्यास खोबरेल चालतें. पात्यानें टाच मात्र खरवडूं नये. आम्हीं स्वतः एका कार्तिकांत ही उतावीळ केली आणि ऐन रब्बीच्या पेरणींत आठ दिवस खाटेवर काढले. भेगेस बिब्बा लावण्याची चाल कांहीं ठिकाणीं अद्याप आहे; बिब्ब्याच्या रसानें कातडी भाजते व फोड येतात, म्हणून ती सोडणें बरें. मधुमेह असणाऱ्यानें तर पाणी किती ऊन आहे, हें दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावें. त्याच्या तळव्यास चटका कळतोच असें नाहीं.

भाताच्या मुलखांत दुखणें नेमकें उलट. मावळांत व कोंकणांत आषाढांत लावणी करणाऱ्या बायांचीं बोटें दिवसभर चिखलांत भिजून पांढरीं पडतात, बेचक्यांतील कातडी सोलते व तेथें बुरशी धरते. ह्यांसच आपण चिखल्या म्हणतों. खाचरांत रबरी बूट रुततात, तेव्हां तो उपदेश फुकट आहे. चिखलांत उतरण्यापूर्वीं बेचक्यांत खोबरेल चोपडावें, दुपारच्या भाकरीच्या वेळीं पाय धुऊन कोरडे करावे, संध्याकाळीं एकेक बेचकें सुक्या फडक्यानें टिपावें. भेगेस तेल हवें, पण चिखल्यांस रात्रीं कोरडेपणा हवा. तेथें तेल लावून निजलें तर ओल कोंडते. लावणीच्या दिवसांत चुलीजवळ एक जागा व एक सुकें फडकें बायांसाठीं राखून ठेवावें, एवढें तरी घरांतील पुरुषांकडून व्हावें.

आंघोळीविषयीं थोडकेंच. घामट अंगास ती रोज हवी. पण कपडे धुण्याचा साबण व सोडा अंगास लावूं नये, आणि इंजिनाचें वंगण काढण्यास रॉकेलही नको. मळाबरोबर कातडीचें स्वतःचें तेलही त्यांनीं जातें. वंगणावर आधीं गोडें तेल चोळून मग साबण लावावा. दुपारच्या उन्हांत मुंडासें व पूर्ण बाह्यांचा सदरा ह्यांच्याइतका स्वस्त आडोसा दुसरा नाहीं.

गाजरगवत आपल्या आजोबांस ठाऊक नव्हतें. पुण्याजवळ त्याची नोंद 1955 च्या सुमारास झाली. त्याचा स्पर्श होऊन, किंवा त्याची वाळलेली धूळ वाऱ्यानें उडून, पापण्या, मान व कोपराची खोबण खाजूं लागते. एकदां तें बाधूं लागलें, कीं पुढें थोड्या संपर्कानेंही त्रास उठतो. म्हणून फुलावर येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातमोजे घालून तें उपटावें.

फवारणीचें औषध पोटांत गेलें तरच बाधतें, हा समज घातक आहे. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसें दगावलीं. श्वासाप्रमाणें कातडी हीही विषाची वाट आहे. गळका पंप पाठीवर घेऊं नये, भिजलेला सदरा तत्काळ उतरवून अंग साबणानें धुवावें, व ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळूं नयेत.

नायट्यावर दुकानांतून आणलेल्या पुष्कळ मिश्र मलमांत स्टेरॉइड असतें. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. मग तोच नायटा महिनोन् महिने हटत नाहीं. डॉक्टरास दाखवून साधें बुरशीनाशक मलम घ्यावें, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितले तितके दिवस लावावें. खरजेचें औषध घरांतील सर्वांनीं एकाच दिवशीं लावलें नाहीं, तर ती घरांतच फिरत राहते.

आणखी एक चट्टा आहे, त्याविषयीं बोलण्यास लोक कचरतात. फिकट वा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, ज्यावर कापसाचा स्पर्शही कळत नाहीं असा. तो उपद्रव देत नाहीं म्हणून आपण वर्षानुवर्षें अंगावर काढतों. तो कुष्ठरोगाचा असूं शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याचें औषध फुकट मिळतें व 6 किंवा 12 महिन्यांच्या उपचारानें रोग बरा होतो. उशीर झाला तर मज्जातंतू निकामी होऊन बोटें वाकतात, आणि वाकलेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. पाठ आपली आपणांस दिसत नाहीं. आंघोळीच्या वेळीं ती घरांतल्या माणसाकडून अधूनमधून पाहून घ्यावी.